प्रीमियर लीगने खर्चाचे नियम बदलले. त्याचं बिल तिकिटावर येणार का?

२१ नोव्हेंबर २०२५ ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या २० क्लबांनी मतदान करून खर्चाचे नियम बदलले. २०२६-२७ च्या हंगामापासून क्लबला संघावर किती पैसा उधळता येईल, हे नव्या पद्धतीने मोजलं जाणार आहे. बातमी वाचायला रुक्ष आहे: टक्केवारी, ताळेबंद, बाजूने १४ आणि विरोधात ६ मतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमधले चाहते ज्या गोष्टींवर सगळ्यात जास्त चिडलेत, त्यातल्या बऱ्याचशा याच आकडेमोडीतून निघाल्यात. कापलेले गुण, विकलेले घरचे खेळाडू आणि महागलेली तिकिटं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आहे, अकाउंटंट नाही. पण नियम म्हणजे शेवटी एक प्रोग्रामच असतो. आत काही आकडे जातात, बाहेर निकाल येतो, आणि ज्याला निकाल आपल्या बाजूने हवा असतो तो आत जाणारे आकडे बदलायच्या मागे लागतो. त्या नजरेने हे सगळं प्रकरण बघूया.

जुना नियम: तीन वर्षांत साडेदहा कोटी

आधीच्या नियमाला थोडक्यात 'पीएसआर' म्हणतात. तीन हंगाम मिळून क्लबचा तोटा जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड, म्हणजे हंगामाला साडेतीन कोटी. क्लब त्यातला काही काळ खालच्या लीगमध्ये असेल, तर त्या हंगामापुरती मर्यादा १.३ कोटी. अकादमी, महिला संघ, समाजोपयोगी कामं आणि स्टेडियमसारख्या बांधकामांवरचा खर्च या हिशेबातून वगळतात, कारण तो चांगला खर्च मानला जातो.

हेतू चांगला होता. मालकाने हौसेने पैसा ओतायचा, मग त्याचा मूड बदलला की क्लब बुडायचा, हे थांबवायचं होतं. खालच्या पातळीवर असे क्लब खरंच बुडालेत. १८८५ साली स्थापन झालेला बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाअभावी इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढला गेला. शंभर वर्षांहून जुना क्लब, आणि एका आठवड्यात गावाकडे शनिवारी दुपारी जायला जागाच उरली नाही.

खेळाडू वहीत कसा लिहितात

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

समजा क्लबने ५ कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत खर्च एकदम ५ कोटी लिहीत नाहीत. यंत्राचा घसारा काढतात तसा दरवर्षी १ कोटी लिहितात. उलट खेळाडू विकला, तर नफा त्याच वर्षी पूर्ण धरतात. आणि तो खेळाडू क्लबच्या अकादमीतून लहानाचा मोठा झालेला असेल, तर त्याची खरेदी किंमत शून्य. म्हणजे विक्रीचा अख्खा पैसा नफा.

आता गणित करा. घरचा मुलगा ५ कोटींना विकला: अधिक ५. बाहेरचा ५ कोटींना आणला: या वर्षी उणे १. बँकेतून तेवढेच पैसे आले आणि गेले, पण वहीत ४ कोटींचा फायदा दिसतो.

जून २०२४ मध्ये नेमकं हेच झालं. बहुतेक क्लबांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. त्याआधीच्या काही दिवसांत ॲस्टन व्हिला, चेल्सी, एव्हर्टन, न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांनी आपापसात तरुण खेळाडूंची खरेदी-विक्री केली. न्यूकॅसलने एलियट अँडरसन हा त्याच भागात वाढलेला मुलगा फॉरेस्टला विकला. आपल्या गल्लीतला पोरगा संघात खेळतोय याचं चाहत्याला जे अप्रूप असतं, त्याची वहीतली किंमत शून्य. म्हणून विकायला सगळ्यात फायद्याचाही तोच. अकादमीवरचा खर्च चांगला म्हणून वगळणारा नियम, अकादमीतून आलेल्या मुलाला विकायचं बक्षीसही देतो.

गुण कापले

१७ नोव्हेंबर २०२३ ला एव्हर्टनचे १० गुण कापले गेले. तोटा १२.४५ कोटी, म्हणजे मर्यादेपेक्षा १.९५ कोटी जास्त. अपिलात फेब्रुवारी २०२४ मध्ये १० चे ६ झाले. मग एप्रिलमध्ये पुढच्या तीन वर्षांच्या हिशेबासाठी आणखी २ गेले. त्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण कापले.

फॉरेस्टची केस तर परीक्षेत यावी अशी आहे. त्यांच्याकडे अकादमीतून आलेला ब्रेनन जॉन्सन होता. ३० जूनच्या आत विकला असता तर हिशेब बराच सावरला असता. त्यांनी थांबून १ सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमला ४.७५ कोटींना विकला. त्यांचं म्हणणं, घाईत विकून कमी पैसे घेण्यापेक्षा थांबून जास्त घेतले, हे क्लबच्या भल्याचंच नाही का? आयोगाने सांगितलं की तारीख म्हणजे तारीख. व्यवहार म्हणून शहाणपणाचा निर्णय, नियमाप्रमाणे गुन्हा.

शेवटी दोन्ही क्लब लीगमध्ये टिकले. पण अनेक महिने एव्हर्टनचे चाहते रोज गुणतालिका उघडून आपला संघ खरा कुठे आहे, याचा हिशेब करत होते. निकालानंतरच्या घरच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी स्टेडियमभर लीगला भ्रष्ट म्हणणारी गुलाबी कार्डं धरली. राग यायला कारण होतं. पैसे उधळले मालकांनी, करारांवर सह्या केल्या संचालकांनी आणि शिक्षा झाली ती मैदानातल्या गुणांना, म्हणजे ज्याने आधीच सीझन तिकिटाचे पैसे भरलेत त्याला.

त्यात दुसरी ठसठस वेगाची. एव्हर्टनवर आरोप मार्च २०२३ चा, निकाल त्याच नोव्हेंबरात. मँचेस्टर सिटीवर त्याच्याही आधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, शंभरावर आरोप ठेवले गेले. त्यांची सुनावणीच सुरू झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. सिटीने सगळे आरोप नाकारलेत, आणि इतक्या आरोपांना वेळ लागणार हेही खरं. पण लहान चूक लगेच तपासून होते आणि मोठी फाइल टेबलावर राहते, हा अनुभव आपल्याला सरकारी कचेरीत येतो तसाच तिथल्या चाहत्याला लीगमध्ये आला.

जे मोजाल तेच वाढेल

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. टीमचं काम 'किती टास्क बंद केले' यावर मोजायला लागा. महिन्याभरात एका टास्कचे पाच तुकडे होतात. आकडा वाढतो, काम तेवढंच राहतं.

चेल्सीने या खेळात सगळ्यांना मागे टाकलं. आधी लांबलचक करार. एन्झो फर्नांडेझ २०२३ च्या जानेवारीत १०.६८ कोटींना आला, साडेआठ वर्षांच्या करारावर. वर्षाचा घसारा सुमारे १.२६ कोटी; तोच करार पाच वर्षांचा असता तर २.१४ कोटी. पळवाट लक्षात आल्यावर आधी युरोपच्या संघटनेने, युएफाने, आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगने घसाऱ्याला पाच वर्षांची मर्यादा घातली.

मग चेल्सीने स्टेडियमजवळची दोन हॉटेलं ७.६५ कोटींना विकली. कोणाला? आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला. नंतर महिला संघही मूळ कंपनीलाच सुमारे २० कोटींना विकला. या खिशातून त्या खिशात. प्रीमियर लीगच्या नियमात ते बसत होतं. युएफाच्या नियमात बसलं नाही आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड लावला.

यात चेल्सीला शिव्या घालून विषय संपत नाही. नियम तोट्याचा आकडा मोजत होता, म्हणून सगळी हुशारी त्या आकड्यावर खर्च झाली. आकड्याला चाहता दिसत नव्हता.

नवा नियम: शंभराला पंच्याऐंशी

आता नवीन काय आहे? संघावरचा खर्च, म्हणजे खेळाडूंचे आणि मुख्य प्रशिक्षकाचे पगार, एजंटची फी आणि तो घसारा, हे सगळं मिळून फुटबॉलमधून आलेल्या उत्पन्नाच्या आणि खेळाडू विक्रीतल्या नफ्याच्या ८५ टक्क्यांच्या आत हवं. युएफाच्या स्पर्धांत खेळणाऱ्यांना तिथली ७० टक्क्यांची मर्यादा पाळावीच लागते. सोबत क्लबकडे रोख किती, कर्ज किती, हे तपासणारा दुसरा नियम आला; तो एकमताने मंजूर झाला.

एक प्रस्ताव मात्र पडला. सगळ्यात कमी पैसे मिळणाऱ्या क्लबला लीगकडून जेवढे मिळतात, त्याच्या पाच पट एवढीच कोणाचीही खर्चमर्यादा ठेवायची, असा तो होता. बाजूने ७, विरोधात १२, एक तटस्थ. आपल्याला ही कल्पना परकी नाही. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाला सारखेच १२० कोटी रुपये होते; ऋषभ पंतला २७ कोटी दिले की उरलेल्यांसाठी ९३ कोटीच. पण आयपीएलमधून कोणी खाली जात नाही आणि वर कुठली चॅम्पियन्स लीगही नाही. इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांना माद्रिद आणि म्युनिकशी लढायचं असतं, म्हणून ते असा सारखा कप्पा मान्य करत नाहीत.

नव्या नियमात चांगली गोष्ट ही की, फुटबॉलचंच उत्पन्न धरणार असल्यामुळे हॉटेल विकून आकडा सजवता येणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. जुना नियम म्हणायचा, तोटा कमी कर. नवा म्हणतो, जेवढं कमावशील त्याच्या ८५ टक्के उडव. म्हणजे वाढलेल्या प्रत्येक पौंडामागे ८५ पेन्स संघावर खर्च करायची परवानगी मिळते.

आता क्लबच्या जागी बसून बघा. प्रक्षेपणाचे पैसे लीग वाटते. देशांतर्गत करार २०२५ ते २०२९ चा, ६७० कोटी पौंडांचा, आधीच ठरलेला. प्रायोजकांचे करार अनेक वर्षांचे. या आठवड्यात, कोणाला न विचारता वर सरकवता येईल असा आकडा उरतो एकच, तिकिटाचा.

युनायटेडचे ६६ पौंड

नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, मँचेस्टर युनायटेडने उरलेल्या सामन्यांची सदस्यांसाठीची तिकिटं सरसकट ६६ पौंडांना केली. आधी ती प्रौढांना ४० पासून आणि मुलांना २५ पासून मिळत. मुलांची, म्हाताऱ्यांची सवलत बंद. आपल्या पैशात एका डोक्याला सात हजार रुपयांच्या वर. बापाने दोन पोरांना घेऊन जायचं तर २१ हजार, प्रवास आणि खाणं वेगळं. १ डिसेंबरला ओल्ड ट्रॅफर्डबाहेर चाहत्यांनी निदर्शनं केली. जानेवारी २०२५ मध्ये क्लबने चाहत्यांच्या एका गटाला लिहिलेल्या पत्रात सांगितलं की, तीन वर्षांत ३० कोटींच्या वर तोटा झालाय आणि असंच चालू राहिलं तर पीएसआर मोडायचा धोका आहे.

पटतं का हे? २०२३-२४ मध्ये युनायटेडचं उत्पन्न ६६.१८ कोटी होतं. त्यात सामन्याच्या दिवसाची कमाई १३.७१ कोटी, म्हणजे पाचवा हिस्सा आणि थोडं वर. तोटा ११.३२ कोटी. आता माझं ढोबळ गणित, क्लबचा आकडा नव्हे: दर सामन्याला अशी ५ हजार तिकिटं, प्रत्येकावर ३० पौंड जास्त, असे १० सामने. हातात आले १५ लाख पौंड, म्हणजे ०.१५ कोटी. त्याच हंगामात प्रशिक्षक एरिक टेन हॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काढताना क्लबने १.०४ कोटी मोजले. एका चुकीच्या नेमणुकीच्या भरपाईत अशी दरवाढ सहा-सात वेळा बसली असती.

म्हणजे मोठ्या क्लबचा खड्डा तिकिटाने भरत नाही. तरीही तिकीट वाढतं, कारण ते वाढवणं सोपं आहे. भाव वाढला म्हणून युनायटेडचा चाहता पुढच्या आठवड्यापासून सिटीला पाठिंबा देत नाही.

भाव ठरवणारं यंत्र

हाच मुद्दा तंत्रज्ञानाकडे नेतो. तिकीट ऑनलाइन झाल्यापासून क्लबला आणि संघटनांना कळतं की कोण, कधी, कितीला घेतो. त्यावरून मागणीप्रमाणे भाव हलवणं सहज शक्य झालंय. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने हीच पद्धत आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेले दर ६० डॉलरपासून ६,७३० डॉलरपर्यंत. डिसेंबरमध्ये संघांच्या पाठीराख्यांसाठीचे दर बाहेर आले; अंतिम सामन्याचं स्वस्तातलं स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलर. एवढी बोंब झाली की काही दिवसांत फिफाने प्रत्येक सामन्याला ६० डॉलरची थोडी तिकिटं ठेवली. पुनर्विक्रीच्या अधिकृत व्यासपीठावर फिफा विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडून १५ टक्के घेते. तिकीट जितक्यांदा हात बदलेल तितक्यांदा.

अशा प्रोग्रामला एकच प्रश्न माहीत असतो: हा माणूस किती देईल? विमानाच्या तिकिटाला ते चालून जातं. महाग वाटलं तर आपण दुसऱ्या दिवशी जातो. पण गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी चतुर्थी पुढे ढकलत नाही, आणि महाबळेश्वर स्वस्त पडतंय म्हणून तिकडेही जात नाही. खासगी बसवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये खासगी बसभाड्याला एसटीच्या दीडपट अशी मर्यादा घातली. ती किती पाळली जाते, हे दर गणपतीला दिसतंच. पण तत्त्व बरोबर होतं: ज्याला दुसरा पर्यायच नाही, त्याची गरज म्हणजे बाजारातली मागणी नव्हे.

चाहता फुकटचा कामगार

आणखी एक हिशेब राहतो. जून २०२० मध्ये कोविडनंतर लीग रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, तेव्हा सामने बघवेनात. स्काय वाहिनीने ईए स्पोर्ट्सच्या व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज घेऊन थेट प्रक्षेपणावर चढवला. ज्या ६७० कोटींना प्रक्षेपणाचे हक्क विकले जातात, त्यात त्या गर्दीचा वाटा किती, हे त्या दिवसांत सगळ्यांच्या कानांना कळलं. पुण्यात रात्री एक वाजता मी जो सामना बघतो, त्यातला निम्मा जीव त्या आवाजात असतो. तो आवाज काढणारा पैसे घेत नाही, उलट देतो. त्याला भावाने बाहेर काढून त्या जागी एकदाच येणारा, फोटो काढून जाणारा पाहुणा बसवला, तर या वर्षीचं उत्पन्न वाढेल. दहा वर्षांनी टीव्हीवाल्यांना काय विकणार?

मर्यादा घालता येते

हे अशक्य नाही, कारण झालेलं आहे. ६ फेब्रुवारी २०१६ ला सुमारे दहा हजार लिव्हरपूल चाहते संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. नव्या स्टँडमधलं तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरलं होतं म्हणून. संघ तेव्हा २-० ने पुढे होता, सामना संपला २-२. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल किंमत ठरवली, २०१६-१७ पासून. त्या मर्यादेने कोणी दिवाळखोर झालं नाही.

जर्मनीत क्लबच्या मताधिकारात सदस्यांचा वाटा निम्म्याहून जास्त असावा असा '५०+१' नियम आहे. तिथे २०२४ च्या सुरुवातीला लीगच्या प्रक्षेपण हक्कांतला ८ टक्के वाटा गुंतवणूकदाराला द्यायचा बेत होता. चाहत्यांनी मैदानात टेनिस बॉल फेकले, रिमोटवरच्या छोट्या गाड्या धूर सोडत फिरवल्या, सामने पुन्हा पुन्हा थांबले. फेब्रुवारीत लीगने बेत सोडला.

इंग्लंडमध्ये आता कायदाही आलाय. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने वरच्या पाच पातळ्यांसाठी स्वतंत्र नियामक नेमला, आणि तिकीटदर बदलताना क्लबने चाहत्यांशी बोललं पाहिजे असंही त्यात घातलं. मात्र बोलणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. युनायटेडनेही पत्र लिहिलंच होतं.

मला वाटतं, करायची गोष्ट साधी आहे. खर्चाच्या नियमातच तिकिटाची एक अट घाला. ठरावीक टक्के जागांची कमाल किंमत ठरवा, मुलांची आणि वृद्धांची सवलत सक्तीची करा, आणि तेवढी दरवाढ ८५ टक्क्यांच्या गणितात धरूच नका. मग तिकीट वाढवून खेळाडू घेण्याचा मोहच राहत नाही. प्रोग्राममध्ये जी अट लिहिलेली नसते ती पाळली जात नाही, भले ती सगळ्यांना मनातून मान्य असो.

पैसा कमी असणं म्हणजे चांगलं, असं मात्र मुळीच नाही. आपल्याकडची इंडियन सुपर लीग जुलै २०२५ मध्ये थांबवली गेली, कारण लीग चालवण्याचा करार संपत आला होता आणि पुढचा झाला नव्हता. महासंघाने व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली, पण नोव्हेंबरात मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. दरम्यान ऑक्टोबरात एफसी गोवा फातोर्ड्याला आशियाई स्पर्धेत अल नासरशी खेळला. मडगावात सामना होता आणि देशात लीग नव्हती. तिकडे पैसा इतका की चाहता जड झालाय, इकडे चाहता बसलाय आणि पैसा नाही. दोन्हीकडे निर्णयाच्या टेबलावर त्याची खुर्ची मात्र नाही.

२०२६-२७ ला नवा नियम लागू झाला की पहिल्या वर्षी कोणते क्लब ८५ च्या आत आहेत, याचे तक्ते सगळे छापतील. तुम्ही सोबत आणखी एक आकडा बघा: त्याच क्लबांचं लहान मुलाचं स्वस्तातलं तिकीट कितीला आहे. नियम कोणाच्या जिवावर पाळला जातोय, ते त्यावरून कळेल.